घरात नक्की काय चावतंय? किडा ओळखा, मगच औषध आणा

सकाळी उठल्यावर दंडावर तीन लाल गांधी दिसतात, दिवसभर खाजवण्यात जातो आणि संध्याकाळी घरात कसला तरी स्प्रे येतो. बहुतेक घरांत असंच होतं, आणि चूक इथेच होते. चावणारं काय आहे हे कळण्याआधी औषध मारलं, तर खरा गुन्हेगार औषध न पोचणाऱ्या फटीत सरकतो आणि त्याचा माग पुसला जातो. आमच्या घरात हे झालेलं आहे. जवळजवळ महिनाभर आम्ही डासांसाठी खिडक्या लावून घेत होतो, वड्या जाळत होतो. ढेकूण मात्र पलंगाच्या उशाकडच्या फळीमागे होते, आणि त्या महिन्यात ते शेजारच्या खोलीत पोचले. म्हणून आधी ओळख कशी पटवायची ते सांगते, उपाय त्यानंतर.

चाव्याच्या खुणेवर विसंबू नका

गांध कशी उठते हे किड्यापेक्षा तुमच्या कातडीवर जास्त अवलंबून असतं. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं अंग लाल होतं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणून दुसऱ्याला किडा चावत नाही असं समजू नका. ढेकणाच्या चाव्याची खूण कधी लगेच उठते, कधी काही दिवसांनी, क्वचित दोन आठवड्यांनीसुद्धा. 'एका ओळीत तीन चावे म्हणजे ढेकूण' हे सगळीकडे ऐकू येतं, पण पिसवाही तसंच चावतात. नुसती गांध बघून डॉक्टरांनाही किड्याचं नाव खात्रीने सांगता येत नाही.

चाव्यावरून उपयोगाची माहिती मिळते ती वेगळी: कुठे चावलं, कधी चावलं, कोणाला चावलं. चार-पाच दिवस हे कागदावर लिहून ठेवा. घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवर चावे असतील आणि घरात कुत्रा-मांजर असेल, तर संशय पिसवांवर घ्या. दिवसा टेबलाशी बसल्यावर पायांना चावत असेल तर पट्टेरी डास. सकाळी उठल्यावर मान, चेहरा, हात अशा पांघरुणाबाहेरच्या भागांवर नव्या गांधी दिसत असतील तर ढेकूण किंवा रात्रीचे डास. मच्छरदाणीत झोपूनही चावे थांबले नाहीत, तर ढेकणाची शक्यता बरीच वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती खाज असेल, ती रात्री वाढत असेल आणि घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना असेल, तर खरूज असू शकते. त्याचा उपाय डॉक्टरांकडे आहे, स्प्रेच्या डब्यात नाही.

किडा हातात कसा आणायचा

जवळ ठेवा: चांगली टॉर्च, रुंद पारदर्शक चिकटपट्टी, एक भिंग, पांढरे कागद आणि एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड. कार्ड फटीतून ओढलं की आत लपलेलं बाहेर येतं. खाली पांढरा कागद धरा, म्हणजे पडलेलं दिसेल. किडा दिसला की चिरडू नका. चिकटपट्टीने उचला, तीच पट्टी कागदावर चिकटवा, खाली तारीख आणि जागा लिहा. पेनाचं टोक शेजारी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

पहिलं काम पाय मोजायचं. सहा पाय असले तर कीटक. आठ असले तर गोचीड किंवा माइट, म्हणजे कोळ्याच्या जवळची जात. (गोचिडीच्या अगदी लहान पिल्लांना मात्र सहाच पाय असतात.) मग अंगाची ठेवण बघा. वरून दाबल्यासारखा चपटा असेल तर ढेकूण. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा, उभट आणि उडी मारणारा असेल तर पिसू. पंख असतील तर डास किंवा माशी. एवढ्यावर निम्मा प्रश्न सुटतो.

ढेकूण

याला सगळ्यात जास्त जागा देते आहे, कारण याच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त खर्च करतात आणि सगळ्यात जास्त चुकतात. आधी मनातली लाज काढून टाका. ढेकूण घाणीमुळे होत नाहीत. ते प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून, पाहुण्यांच्या सामानातून येतात आणि चकचकीत घरातही तितक्याच आनंदाने राहतात. लाजेपोटी लपवलं की ते वाढतात. दिलाशाची गोष्ट अशी की ढेकूण माणसांत रोग पसरवतात असं आढळलेलं नाही. त्रास खाजेचा, झोप उडण्याचा आणि मनस्तापाचा असतो, आणि तोही काही कमी नसतो.

मोठा ढेकूण सुमारे ५ मिलिमीटर, मसुराच्या दाण्याएवढा, तपकिरी-लालसर. रक्त प्यायल्यावर तो लांबट आणि टम्म होतो. पिल्लं फिकट पिवळसर आणि जवळजवळ पारदर्शक असतात, म्हणून नजरेतून सुटतात. अंडी खसखशीच्या दाण्याएवढी, पांढरी आणि जागेला घट्ट चिकटलेली. ढेकणाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो फक्त चालतो, पण भराभर चालतो.

जिवंत ढेकूण दिसण्याआधी बहुधा त्याच्या खुणा दिसतात: गादीच्या शिवणीवर काळे ठिपके, टिपकागदावर शाई पसरावी तसे कापडात थोडे पसरलेले. ही त्याची विष्ठा. सोबत पिल्लांनी टाकलेल्या पोकळ काती, आणि चादरीवर कधी रक्ताचा डाग.

शोध माणूस झोपतो तिथून सुरू करा आणि बाहेर सरकत जा. गादीच्या चारही कडांची शिवण, गादीवरचं लेबल, मग पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांची खालची बाजू. उशाकडची फळी शक्य असेल तर सोडवून तिची मागची बाजू बघा. त्यानंतर शेजारचा ड्रॉवर काढून उलटा करा, पडद्याच्या चुण्या, भिंतीवरच्या तसबिरीची पाठ आणि भिंतीच्या तळाची पट्टी तपासा. बहुतेक ढेकूण झोपण्याच्या जागेपासून दीड-दोन मीटरच्या आत असतात. दिवसा काहीच सापडलं नाही तर पहाटेच्या आधी अचानक टॉर्च लावून गादीच्या कडा बघा. सोफ्यावर कोणी झोपत असेल तर तोही पलंगच धरा.

मादी रोज एक ते पाच अंडी घालते. उबदार खोलीत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं, प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं, आणि साधारण दीड महिन्यात ते पूर्ण वाढतं. यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, अंड्यांवर बहुतेक फवारण्या नीट चालत नाहीत, त्यामुळे एका फेरीत काम संपत नाही. दुसरी, 'खोली दोन आठवडे बंद ठेवली की मरतील' हा उपाय फसतो, कारण ढेकूण उपाशीपोटी काही महिने काढू शकतो.

आता घालवण्याचा क्रम. यात वरखाली करू नका.

१. झोपायची खोली बदलू नका. ढेकूण तुमच्या अंगाच्या उबेमागे आणि श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमागे येतात. तुम्ही बैठकीच्या खोलीत झोपायला गेलात तर तेही तिकडे येतील. त्या खोलीतलं सामानही उघड्याने बाहेर नेऊ नका.

२. चादरी, अभ्रे, पांघरुणं, जवळचे कपडे खोलीतच पिशवीत भरा, तोंड बांधा आणि पिशवी थेट मशीनपाशी उघडा. ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये सगळ्यात जास्त उष्णतेवर किमान अर्धा तास फिरवा. गार पाण्यात धुतलेल्या कपड्यांवर विश्वास ठेवू नका. धुता न येणारं लहानसं सामान बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवलं तरी चालतं. ही कामं झालेले कपडे नव्या बांधलेल्या पिशव्यांतच ठेवा, कपाटात परत लावू नका.

३. अरुंद तोंडाच्या व्हॅक्युमने शिवणी, सांधे, फटी ओढून घ्या. चिकटलेली अंडी कार्डाने खरवडा. व्हॅक्युमचा कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका, नाहीतर त्यातूनच ते परत येतील.

४. वाफेचं यंत्र मिळालं तर ते उत्तम. अंडी, पिल्लं, मोठे, सगळे उष्णतेने मरतात. हात अगदी सावकाश फिरवा, वाफेचा जोर कमी ठेवा (जोराची वाफ ढेकणांना उडवून लांब फेकते) आणि विजेच्या बोर्डापासून दूर राहा. लोखंडी खाट असेल तर बाहेर नेऊन तिच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओतता येतं. त्या वेळी मुलांना जवळ येऊ देऊ नका.

५. गादीला चेन असलेलं, पूर्ण बंद होणारं कव्हर घाला आणि ते वर्षभर काढू नका. आत राहिलेले ढेकूण आतच उपाशी मरतील. भिंतीच्या आणि फर्निचरच्या फटी बुजवा.

६. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. चादर जमिनीला टेकू देऊ नका. प्रत्येक पायाखाली गुळगुळीत, उभ्या कडांची वाटी ठेवा आणि तिच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर चोळा. पलंगाकडे निघालेला ढेकूण वाटीत पडतो आणि त्याला चढून बाहेर येता येत नाही. या वाट्याच पुढे तुम्हाला सांगतील की उपाय लागू पडला की नाही.

दहा-बारा दिवसांनी २ ते ४ पुन्हा करा, कारण तोवर राहिलेली अंडी फुटलेली असतात. वाट्या रिकाम्या, नवे ठिपके नाहीत, नवे चावे नाहीत असे सलग दोन महिने गेले, की ढेकूण गेले असं म्हणायला हरकत नाही.

गादी उन्हात टाकण्याबद्दल. हे आपण सगळेच करतो, आणि निव्वळ ढेकणांसाठी ते क्वचितच पुरतं. त्यांना मारायला गादीच्या गाभ्यातही तापमान ५० अंशांच्या आसपास जावं लागतं. वरचं कापड भाजत असलं तरी आतला कापूस किंवा फोम तेवढा तापत नाही, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. उन्हात टाकून झटकल्याने काही कमी होतात, ते केलंत तर नुकसान नाही. पण तेवढ्यावर सोडून देऊ नका.

औषधांचंही खरं सांगायला हवं. घरगुती स्प्रेमधल्या पायरेथ्रॉइड गटाच्या औषधांना जगभरचे ढेकूण मोठ्या प्रमाणावर सरावले आहेत. ही त्यांची जुनी खोड आहे. डीडीटी हे कीटकनाशक वापरात येऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा, १९४७ साली, पर्ल हार्बरमध्ये त्याला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. धूर सोडणारे डबे तर मुळीच आणू नका. त्यांचा फवारा हवेत राहतो, फटीत जात नाही, आणि ढेकूण मात्र इकडेतिकडे पांगतात. सिलिका किंवा डायटमची (सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची) भुकटी फटींत अगदी पातळ भुरभुरवली तर ती ढेकणाच्या अंगावरचा मेणचट थर काढते आणि तो वाळून मरतो. तिला सरावणं त्यांना अवघड जातं. लावताना नाकाला मास्क बांधा आणि झोपायच्या पृष्ठभागावर पसरू नका.

काम हाताबाहेर गेलं असेल तर जाणकार माणूस बोलवा. तो आधी तपासणी करतो का, कोणतं औषध वापरणार ते सांगतो का, दुसऱ्या फेरीची तारीख देतो का, हे तीन प्रश्न विचारा. 'एकदाच मारू, गॅरंटी आहे' असं म्हणणाऱ्याला परत पाठवा.

आणि हे मी हात जोडून सांगते: धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात कधीही ठेवू नका. ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो बंद खोलीत, भिंतीच्या फटीतून शेजारच्या घरातही, झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि त्यावर उतारा नाही. रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट गादीवर शिंपडणंही तसंच. ढेकूण राहतात आणि घर पेटतं.

डास

डासांच्या बाबतीत शोध पलंगाभोवती घ्यायचा नसतो, पाण्याभोवती घ्यायचा असतो. चावते ती फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं साठलेलं पाणी ओतून टाकलं की साखळी तुटते. डासांवरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय हाच, आणि कंटाळवाणा असल्यामुळे तोच मागे पडतो.

तीन जाती ओळखता आल्या तर पाणी कुठे शोधायचं ते कळतं. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा तो एडिस. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका याच्यामार्फत पसरतात. त्याला घराजवळचं, भांड्यांतलं स्वच्छ पाणी आवडतं. तो सहसा शे-दोनशे मीटरपेक्षा लांब जात नाही, म्हणजे तुम्हाला चावणारा एडिस बहुधा तुमच्याच किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो. भिंतीवर बसताना शेपटीकडची बाजू वर उचलून तिरका बसणारा, संध्याकाळ ते पहाट चावणारा तो अॅनॉफिलिस, मलेरियाचा वाहक. पाठीला कुबड काढून भिंतीला समांतर बसणारा, कानाशी गुणगुणणारा भुरा डास म्हणजे क्युलेक्स. तो गटार, सेप्टिक टाकी अशा घाण पाण्यात वाढतो आणि काही भागांत हत्तीरोग पसरवतो.

आता फेरी मारा. कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कूलर, टाकीचं नीट न बसणारं झाकण, गच्चीची तुंबलेली पन्हळ, अंगणातला टायर, उलटी न ठेवलेली बादली, पाळीव प्राण्यांचं पाण्याचं भांडं, फुलदाणी, महिनोन्महिने न वापरलेल्या संडासाचा फ्लश. बाटलीच्या झाकणाएवढं पाणीही एडिसला पुरतं. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या आणि स्वल्पविरामासारखे कोष दिसले की समजा जागा सापडली.

पाणी ओतल्यावर भांड्याची आतली बाजू घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. नुसतं ओतलं आणि पुन्हा भरलं तर तीच अंडी फुटतात. ओतता न येणाऱ्या पाण्यासाठी बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध मिळतं, ते अळ्यांना मारतं. बंदिस्त हौदात गप्पी मासेही चालतात. पण ते ओढ्यात, तळ्यात सोडू नका, तिथल्या मूळ माशांना ते त्रासदायक ठरतात. पिण्याच्या पाण्यात वरवर काही टाकण्यापेक्षा टाकी झाकणं आणि तिच्या हवेच्या नळीला जाळी बांधणं बरं.

घरात शिरलेल्या डासांसाठी खिडक्यांना जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली हवी आणि झोपेत हात तिला टेकायला नको, कारण डास कापडातून चावतो. पंखा हा साधा पण खरा उपाय आहे: डास कमजोर उडणारा किडा आहे, वाऱ्यात त्याला माणसापर्यंत पोचता येत नाही. अंगाला लावायला डीईईटी, पिकारिडिन किंवा आयआर३५३५ असलेलं मलम वापरा. आधी सनस्क्रीन, मग हे. दोन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काही लावू नका, त्याला मच्छरदाणीच द्या. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नये.

कॉइल बंद खोलीत जाळू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. ज्या घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं बाळ आहे तिथे तर नाहीच. निळ्या दिव्याच्या सापळ्यात मरतात ते बहुतेक निरुपद्रवी किडे, आणि आवाजाने डास पळवणारी यंत्रं काम करत नाहीत. रस्त्यावरची धुरळणी उडणारे डास मारते, अळ्या नाही. म्हणून तिच्या भरवशावर कूलर तसाच ठेवू नका.

मच्छरदाणीतूनही काही चावत असेल आणि जवळ ओलसर, भेगाळलेल्या मातीच्या भिंती किंवा गोठा असेल, तर वालुमाशी असू शकते. ती डासापेक्षा बरीच लहान, केसाळ असते, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उभे धरते आणि टुणटुण उड्या मारल्यासारखी उडते. भिंतींच्या भेगा लिंपणं आणि बारीक जाळीची मच्छरदाणी हे तिच्यावरचे उपाय. काळा आजार तिच्यामुळे पसरतो, म्हणून त्या भागात लांबलेला ताप अंगावर काढू नका.

पिसवा आणि गोचिडी

पिसू दोन-तीन मिलिमीटरची, गडद तपकिरी, बोटांत धरली तर निसटणारी. तिची परीक्षा सोपी आहे. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून संशयित खोलीत दहा मिनिटं फिरा, काळे ठिपके मोज्यांवर उड्या मारताना दिसतील. दुसरी परीक्षा प्राण्यावर: बारीक दातांच्या फणीने त्याचे केस विंचरा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. कणीभोवती लालसर तपकिरी रंग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

दिसणाऱ्या पिसवा हा प्रश्नाचा लहान भाग असतो. अंडी प्राण्याच्या अंगावरून गळून सतरंजीत, त्याच्या अंथरुणात, सोफ्याच्या खाचांत पडतात. तिथेच अळ्या वाढतात आणि कोष करतात. कोषावर औषध चालत नाही, आणि आतली पिसू पावलांचा हादरा किंवा ऊब जाणवेपर्यंत महिनोन्महिने थांबू शकते. बंद घर उघडून आत पाऊल टाकताच पिसवा तुटून पडतात त्या यामुळे.

म्हणून प्राणी आणि घर यांचा उपाय एकाच दिवशी सुरू करा. प्राण्याला पशुवैद्याने दिलेलं औषध, घरातल्या सगळ्या प्राण्यांना. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, त्याने मांजर मरतं. प्राण्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. जमीन, कोपरे, सोफ्याखालची जागा पहिले दोन आठवडे दिवसाआड व्हॅक्युम करा. त्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि मग मरतात. मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेली औषधं अळीची पुढची वाढ थांबवतात, ती घेतली तर जास्त बरं. दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसत राहतील. औषध फसलं असं समजून घाबरू नका, त्या जुन्या कोषांतल्या असतात. घरात प्राणी नसतानाही पिसवा असतील तर उंदरांचा माग काढा. आणि अचानक उंदीर मरून पडायला लागले तर त्यांना हात न लावता आरोग्य खात्याला कळवा.

गोचीड कातडीत रुतलेली दिसली तर टोकदार चिमट्याने तिला कातडीच्या अगदी जवळ पकडा आणि न पिळता सरळ, एकसारखी वर ओढा. तेल, रॉकेल, व्हॅसलिन, पेटती काडी यातलं काही नको. त्याने ती सुटायच्या आत जखमेत लाळ सोडू शकते. जागा साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या महिनाभरात ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांगा. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच, भिंतीच्या वरच्या भेगांत अंडी घालते. तिथे नजर टाकायला विसरू नका.

किडा सापडतच नसेल तर

खिडकीत किंवा एसीच्या मागे कबुतराचं घरटं आहे का बघा. पिल्लं उडून गेली की तिथले माइट भुकेने घरात येतात. ते डोळ्यांना जेमतेम दिसतात आणि माणसाच्या अंगावर टिकत नाहीत, पण चावतात. रिकामं घरटं काढून जागा धुतली की त्रास संपतो. मास्क आणि हातमोजे घालून काढा. उंदरांच्या बिळांबाबतही असंच.

गालिच्यात किंवा लोकरीच्या कपड्यांत बारीक केसाळ अळ्या दिसल्या तर त्या गालिच्याच्या भुंगेऱ्याच्या असतात. त्या चावत नाहीत, त्यांच्या केसांनी काहींना पुरळ उठतं आणि बिचारा ढेकूण फुकट बदनाम होतो. व्हॅक्युम आणि धुलाई पुरते.

उवांसाठी घर फवारू नका. त्या डोक्यावरच जगतात, खाली पडल्या तर दिवस-दोन दिवसांत मरतात. औषध डोक्याला, बारीक फणी रोज, आणि लिखांतून निघालेल्यांसाठी सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा.

पावसाळी दिवसांत दिव्याभोवती येणारा एक किडा आवर्जून ओळखून ठेवा: आठ-दहा मिलिमीटरचा, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे, चालताना शेपूट वर उचलणारा. हा पेडेरस भुंगेरा चावत नाही. पण अंगावर चिरडला तर त्यातल्या पेडेरिन या विषाने एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखी रेघ आणि फोड उठतात. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा. चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. झोपण्याआधी दिवे लवकर मालवले की तो येणं कमी होतं.

लाल मुंग्यांच्या रांगेवर स्प्रे मारून फक्त कामकरी मुंग्या मरतात. साखरपाण्यात थोडं बोरिक अॅसिड घालून, मुलांचा आणि प्राण्यांचा हात न पोचेल अशा जागी रांगेजवळ ठेवा. त्या ते वारुळात नेतात. चार-सहा दिवस रांग न मोडता धीर धरावा लागतो.

चावलेल्या जागेची काळजी

साबणाने धुवा, थंड पाण्याची घडी ठेवा, खाज फार असेल तर कॅलॅमाइन लावा. मुलांची नखं कापा, कारण बहुतेक चावे पिकतात ते नखांनी. लाली पसरत चालली, जागा गरम झाली, पू आला किंवा ताप भरला तर डॉक्टरांकडे जा. चाव्यांनंतर अचानक मोठा ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन घेऊ नका. तो डेंग्यू असला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं. ओठ किंवा घसा सुजणं, श्वास लागणं, चक्कर येणं, अंगभर गांधी उठणं यातलं काही चावल्यावर काही मिनिटांत सुरू झालं तर किडा शोधत बसू नका. त्या माणसाला तातडीने रुग्णालयात न्या.